तीन विती

४ फेब्रुवारी

आजपासून तोंडाला कुलूप!

प्रयोगाच्या प्रमुखांनी आम्हा दोघांना समोर बसवून बजावलं — "मोजणीबद्दल घरात एक अक्षर बोलायचं नाही. जेवताना नाही, भांडताना नाही." ही म्हणाली, "मग भांडायचं कशावरून?" प्रमुखांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

मोजायची गोष्ट एकच, पण मोजणारे गट दोन. हिचा तिसऱ्या मजल्यावर, माझा पहिल्यावर. जमिनीखालच्या टाकीतून येणाऱ्या नोंदी दोघांना त्याच, पण प्रोग्रॅम वेगळे, माणसं वेगळी, चहाची वेळसुद्धा वेगळी. शेवटी दोघांची उत्तरं एकदम उघडायची आणि जुळली तरच जगाला सांगायचं. एकाने दुसऱ्याचं बघून लिहायचं असेल तर दोन गट कशाला? हे मलाही पटतं. फक्त दोन गटांचे म्होरके नवराबायको असू नयेत, एवढं तरी कुणी बघायला हवं होतं! पण हिच्या कल्पनेवर विश्वास असलेली सगळी मंडळी हिच्याकडे गेली, आणि नसलेल्यांत मी सगळ्यात जुना पापी.

इतक्या वर्षांची बोलायची सवय अशी एका दिवसात जाते थोडीच! म्हणून हे लिहिणं.

७ फेब्रुवारी

हिची कल्पना इथे एकदा सरळ लिहून काढतो. विरोधकाला ती नीट सांगता आली पाहिजे, असं हीच म्हणते.

न्यूट्रिनो हा कण म्हणजे पक्का माणूसघाणा. डोंगरातून जातो, भिंतीतून जातो, आपल्यातून जातो — कुणाला ओळख म्हणून देत नाही. आम्ही एका यंत्रातून त्यांचा झोत सोडतो आणि शेकडो किलोमीटर दूर टाकीत पकडायला बसतो. अब्जावधींतला एखादा गावतो. त्यांच्या जाती तीन. निघतो एका जातीचा, पोचतो भलत्याच जातीचा! वाटेत आळीपाळीने बदलत जातो. माझ्या आईला हे समजावताना हिने स्वतःची वेणी पुढे घेतली होती. "हे बघा आई, तीन पेड. इथे हा वर दिसतो, तिथे तो. पेड घट्ट आहेत तोवर वेणी. सैल झाले की नुसता केसांचा पुंजका." आई माझ्याकडे वळून म्हणाली, "एवढंच होय! मग तू इतकी वर्षं कसला अभ्यास करतोस?"

ते घट्ट असणं म्हणजे कोहेरन्स. एका कणात तीन लाटा, एकमेकींत अशा गुंतलेल्या की एकीला वेगळी काढून दाखवता येत नाही. त्यांचा ताल जुळलेला आहे तोवर ते बदलणं नियमाने चालू राहतं. इथवर सगळ्यांचं एकमत. हिचं म्हणणं त्याच्या पुढचं — लांबच्या वाटेवर हा माणूसघाणाही नकळत कुणाशी तरी जरासा गुंततो, आणि बाहेर जेवढा गुंततो तेवढा त्याचा आतला ताल सुटतो. तसं असेल तर टाकीपाशी पोचेपर्यंत बदलण्याचे चढउतार किंचित फिके पडलेले दिसले पाहिजेत. किंचित म्हणजे इतकं किंचित, की आजवर कुणालाही दिसलेलं नाही.

वीस वर्षं मी म्हणतोय, "नाहीये ते." वीस वर्षं ती म्हणतेय, "बघू." त्या 'बघू'मध्ये राग नाही, हट्ट नाही, टोमणाही नाही. मला ते एकदाही जमलेलं नाही.

२० फेब्रुवारी

जेवताना. "मीठ कमी आहे." "हं." संपला संवाद.

११ मार्च

दुपारी ताईचा फोन. "तुमचं दोघांचं काही बिनसलंय का रे?" म्हटलं, "नाही ग." "आई सांगत होती — ताटात बघून जेवतात, मी खोलीत आले की गप्प होतात." अगं, ती खोलीत नसतानाही आम्ही गप्पच असतो! नियम समजावून सांगितला. ताईला काडीचा पटला नाही. "नवराबायकोत असला कुठे नियम असतो का?" थोरल्या बहिणीशी वाद घालून मी आजवर जिंकलेलो नाही, तेव्हा फोन ठेवला.

संध्याकाळी आईने आम्हाला एकाच सोफ्यावर बसवलं आणि स्वतः मुद्दाम फिरायला गेली. बसलो आम्ही. ही म्हणाली, "हवा बरी आहे." मी म्हटलं, "बरी आहे." आणि मग दोघांनाही असं काही हसू फुटलं की पोट दुखायला लागलं, डोळ्यांतून पाणी. आई परत आली तेव्हा आमचे डोळे लालभडक. झालं! तिची खात्रीच पटली.

२ एप्रिल

प्रमुखांचा सगळ्यांना निरोप. दोन्ही गटांची मोजणी पहिल्यापासून!

आमच्याकडे पद्धत अशी — खऱ्या उत्तरावर एक खोटा आकडा चढवून ठेवतात. तो कुणालाच माहीत नसतो. त्यामुळे आपल्याला हवं ते उत्तर दिसायला लागलं की काम थांबवायचं, अशी लबाडी मनाला करता येत नाही. हा सगळा पसारा आमच्यात 'पेटी' म्हणून ओळखला जातो आणि ती अगदी शेवटी उघडायची असते. तर काल तिसऱ्या मजल्यावरचा प्रिंटर नेहमीसारखा रुसला होता. ही आपला कागद घ्यायला आमच्या मजल्यावर आली. तिथे माझ्या गटाचा एक आलेख कुणीतरी विसरला होता. हिची नजर गेली. आणि ही तशीच उठून प्रमुखांकडे — "माझी नजर पडली आहे. किती समजलं सांगता येत नाही, पण पडली आहे. आकडे बदला."

माझ्या गटाचे कित्येक आठवडे पाण्यात! माझी माणसं दिवसभर चरफडत होती. मीही. तिथे कोण होतं? ती आणि तो प्रिंटर. चहाच्या कपाबरोबर विसरून गेली असती तर ब्रह्मदेवालाही पत्ता लागला नसता.

घरी आलो तर ही बुटांना पॉलिश करत बसली होती, माझ्यासुद्धा. मला चांगलं भांडायचं होतं. पण तेही नियमाबाहेर. पंख्याखाली बसून राहिलो आणि मनात म्हटलं, धन्य आहे तुझी, बाई.

४ एप्रिल

अजून रागावलेलो आहे. पण कौतुक रागाच्या पुढे पुढे पळतंय, त्याला काय करू!

१६ मे

आज तिसऱ्या मजल्यावर भांडारात जायचं होतं. वाटेत हिच्या खोलीचा काचेचा दरवाजा. थांबू नये, तरी थांबलो. (ऐकू काही येत नव्हतं, हे लिहून ठेवतो. उगीच कुणी म्हणायला नको.) ही फळ्यापाशी उभी, हातात खडू नाही, काही नाही. गटातला एकेक जण उठून आपलं काम सांगत होता आणि ही प्रत्येकाला बहुधा तोच प्रश्न विचारत होती, कारण प्रत्येकाचा चेहरा त्याच जागी पडत होता. तो प्रश्न मला पाठ आहे. विद्यार्थी असल्यापासून विचारते — "हे चुकलेलं असेल तर आपल्याला कुठून कळेल?"

लोक आपल्या कल्पनेला लेकरासारखं जपतात. ही तिला रोज उन्हात उभी करते.

९ जून

उद्या पेट्या उघडणार.

फिकेपणा सापडला तर ही जिंकली. दोन दिवसांनी तिने सगळ्या जगासमोर बोलायचं, आणि पुढची प्रमुख तीच हे कँटीनवालासुद्धा सांगतो. नाही सापडला तर वीस वर्षांवर पाणी. ही "बरं" म्हणेल आणि दुसऱ्या कामाला लागेल, आणि ते 'बरं' मला ऐकावं लागेल. मी जिंकलो तर मला काय मिळणार आहे? तोंड उतरलेली बायको.

दोघांचे कपडे इस्त्री केले. माझ्याच्याने दुसरं काही होईना.

१० जून

सापडला!!

दोन्ही गटांना सापडला! पडद्यावर डावीकडे तिचं उत्तर, उजवीकडे माझं — एकावर एक ठेवली तर एकच दिसावीत अशी. टाळ्यांचा जो कडकडाट झाला तो अजून कानात आहे. सगळ्यात जोरात मी वाजवत होतो. हरलो, साफ हरलो, आणि असा आनंद जिंकून कधी झालेला नाही. हिने फक्त टेबलाची कड धरून ठेवली होती.

परीक्षण समितीत एक वयस्क गृहस्थ आहेत. त्यांना आम्ही मागून शंकासुर म्हणतो, कारण त्यांना सूर्य उगवण्याबद्दलही दोन प्रश्न असतात. सगळे पेढे मागत असताना ते म्हणाले, "फारच जुळलं." मी मनात म्हटलं, घ्या! याला आनंदही सोसवत नाही.

११ जून

काल घरी पोचलो आणि आम्ही बोलायला लागलो. काय बोललो! चार महिन्यांचं तुंबलेलं. दोघं एकाच वेळी बोलत होतो. आई दारात येऊन ऐकून गेली आणि आतून तिचा फोन ऐकू आला — "मिटलं ग, मिटलं एकदाचं!"

परीक्षा झाल्यावर पोरं उत्तरं ताडून बघतात तसं चाललं होतं. तू हे कसं केलंस, तू ते कसं धरलंस. बहुतेक गोष्टी दोघांनी वेगवेगळ्या केलेल्या. तिची एक युक्ती ऐकून मी अक्षरशः कपाळावर हात मारला, इतकी सोपी! मग मी सहज विचारलं, "आणि भिंतीजवळचं किती सोडलंस?" न्यूट्रिनो टाकीच्या भिंतीजवळ सापडला तर त्याचा प्रकाश धड मोजला जात नाही, नोंद पुसट होते. म्हणून भिंतीलगतच्या नोंदी सगळेच सोडून देतात. ती म्हणाली, "नेहमीचेच. सत्तावन्न सेंटिमीटर." मी म्हटलं, "मीही सत्तावन्न."

दोघंही हसलो. मग आधी ती थांबली. मग मी.

सत्तावन्न हा आकडा कुठल्याही पुस्तकात नाही. आम्ही विद्यार्थी होतो तेव्हा सरावाची एक छोटी टाकी होती. भिंतीपासून किती सोडावं हे बघताना पट्टी सापडेना, म्हणून हिने हात लावून मोजलं होतं. तीन विती. हिची वीत एकोणीस सेंटिमीटरची. त्या टाकीला ते अगदी बरोबर होतं. तेव्हापासून 'भिंत' म्हटलं की दोघांच्याही हातून सत्तावन्न लिहिलं जातं, आणि ते तपासायचं असतं हे दोघांच्याही डोक्यात येत नाही. आताची टाकी सिनेमाच्या थिएटरएवढी! तिच्या भिंतीचा त्रास कितीतरी आतपर्यंत पोचत असणार. म्हणजे पुसट नोंदी आम्ही दोघांनीही स्वच्छ म्हणून मोजल्या. आणि नोंदीच पुसट असतील तर चढउतार फिके दिसणारच, त्यासाठी न्यूट्रिनोला वाटेत काही व्हायला नको.

दोन मजले, दोन प्रोग्रॅम, चार महिन्यांचं मौन. आणि दोन्ही मोजण्यांत हिचाच हात!

मी म्हटलं, "आधी नीट बघू. कदाचित फार फरक पडणार नाही. मग सांगू." वर बघतो तर हिने बूट चढवलेले. "आत्ता सांगायचं. परवा जाहीर होणार आहे." "अग, पण वीस वर्षं —" "म्हणूनच आत्ता."

प्रमुख दोन गल्ल्या सोडून राहतात. ही पुढे, मी मागे, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. तिने दारात उभ्या उभ्या दोन वाक्यांत सगळं सांगितलं. आवाज जरासुद्धा हलला नाही. परत येताना मात्र तिने माझा दंड असा घट्ट धरला होता की आज तिथे दुखतंय.

१३ जून

कालचं जाहीर करणं रद्द झालं.

हे सोसलं असतं. पण कँटीनमध्ये आज मी गेल्यावर एक टेबल गप्प झालं. माझ्याच गटातला एक जण मान वर करेना. शेवटी दुसऱ्याने सांगितलं — सगळे म्हणतायत, हे दोघं घरात बोललेच असणार, नाहीतर दोघांकडे सत्तावन्न आलं कुठून? आणि आता पकडले जाऊ म्हणून स्वतःच सांगून मोकळे झाले.

अंगाचा तिळपापड झाला! जिने प्रिंटरवरच्या एका कागदासाठी सगळ्यांना पुन्हा कामाला लावलं, तिच्याबद्दल हे? पण सिद्ध कसं करणार? बोललो असतो तर काहीतरी पुरावा निघाला असता. न बोलल्याचा पुरावा कुठून आणायचा?

आईच्या कानावर गेलं. "मला घेऊन चला. मी सांगते त्यांना. मुक्याचं घर झालं होतं इथे! मी तर तुम्ही वेगळे होताय असं समजून देवाला साकडं घातलं होतं." ही उठली आणि आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. इतक्या वर्षांत मी हिला रडताना पाहिलेलं नव्हतं. मला आईचा हेवा वाटला.

१७ जून

समितीपुढे दोघंही. लांब टेबल, पाण्याचे ग्लास, कुणी कुणाकडे बघत नाही.

शंकासुरांनीच सुरुवात केली. "दोन स्वतंत्र गट. दोघांना सत्तावन्न सुचतं. पन्नास नाही, साठ नाही. सत्तावन्न?" मी बोलायला तोंड उघडलं. वाकडंच बोलणार होतो. त्याच्या आत हिने उजवा हात टेबलावर ठेवला आणि पंजा पसरला.

"पट्टी आहे का कुणाकडे?"

कारकुनाच्या खणातून पट्टी आली. शंकासुर खुर्चीवरून उठले, चष्मा वर केला आणि हिची वीत मोजली. एकोणीस. पुन्हा मोजली. एकोणीस. मग आपल्याच कागदावर तीनने गुणलं, जणू त्या गुणाकाराचाही भरवसा नाही!

ही म्हणाली, "आम्ही बोललो नाही. पण म्हणून आमचे गट स्वतंत्र होते असं नाही. आम्ही एका टाकीवर, एका टेबलाशी शिकलो. एकमेकांना विचारायची गरज पडू नये इतकं सारखं शिकलो. नियम मोडला असता तर तुम्हाला तो पकडता आला असता. हे पकडायला तुमच्याकडे नियमच नव्हता, आणि आम्हालाही सुचला नाही. भिंतीचं अंतर तिसऱ्या कुणाला तरी नव्याने ठरवू द्या. सगळं काम त्यांच्या हवाली करते."

स्वतःच्या वीस वर्षांबद्दल एक शब्द नाही. मी शेजारी बसलो होतो आणि मला आपलं उगाच ताठ बसावंसं वाटलं. अभिमान म्हणतात तो असाच असावा.

शंकासुरांनी पट्टी खाली ठेवली. "बाईंच्या खरेपणाबद्दल मला शंका नाही," म्हणाले. सगळे त्यांच्याकडे वळून बघायला लागले. हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेलंच नव्हतं.

१८ जून

कँटीनवाल्याने पैसे घेतले नाहीत. हिच्यासाठी दुसरा कप बांधून दिला.

२० ऑगस्ट

तिसऱ्या गटाचं उत्तर आलं. भिंतीपासून बरंच आत सरकल्यावर फिकेपणा निम्म्याहून कमी झाला. पण गेला नाही! आहे म्हणावं तर पुरेसा नाही, नाही म्हणावं तर टोचत राहतो. आणखी दोन वर्षांच्या नोंदी साठल्याशिवाय काही सांगता येणार नाही. हिने कागद वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाली, "बघू."

समितीचा निर्णयही आला. पुढच्या मोजणीत आम्हा दोघांपैकी एकालाच राहता येईल. शब्द असे — 'मोजणीपुरते हे दोघे एकच व्यक्ती धरावेत.' आईला वाचून दाखवलं. "इतके शिकलेले लोक, आणि हे कळायला इतकी वर्षं लागली?"

कोण राहणार ते आम्हीच ठरवायचं. जो राहील त्याने दुसऱ्याशी घरात पुन्हा एक अक्षर बोलायचं नाही.

२३ ऑगस्ट

हा विषय निघाला की दोघंही भांडी आवरायला उठतो. आता बोलायची पूर्ण मोकळीक आहे, उलट बोला असा हुकूम आहे, आणि जमत नाही.

मी ठरवलंय. बाहेर मी पडणार. कल्पना तिची, अपमान तिने सोसला, शेवट बघायचा हक्कही तिचा. तिला विचारलं तर नाहीच म्हणेल. तेव्हा सोमवारी सकाळी परस्पर प्रमुखांना सांगून मोकळा होतो.

२५ ऑगस्ट

ही माझ्या आधी जाऊन आली होती. बाहेर ती पडली, आत मी. प्रमुखांना म्हणाली म्हणे — "मला ते खरं व्हायला हवंय, फार वर्षं हवंय. माझ्या हातात तराजू देऊ नका. त्याला नकोय. म्हणून त्यालाच घ्या." प्रमुखांनी माझी सही घेतली. आजपासून पुन्हा घरात एक अक्षर नाही.

आणि मी तिला सांगू कसं — आता मलाही ते खरं व्हायला हवंय!